दोन फुटांची गाडी आणि चौथी सीट

समर्थक : काका, दोन फूट! दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. कल्पना करा.

पासवाला : कल्पना कशाला? लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळते ती वीतभर. त्या मानानं दोन फूट म्हणजे ऐसपैस झालं.

समर्थक : मी नेरळ-माथेरानच्या गाडीबद्दल बोलतोय. इथं सही करा. ‘मिनी ट्रेन वाचवा.’

पासवाला : कुणापासून?

समर्थक : म्हणजे?

पासवाला : वाचवा म्हणतोस, म्हणजे कुणीतरी तिच्या जिवावर उठलं असणार. कोण ते?

समर्थक : उदासीनता, काका. समाजाची उदासीनता. आदमजी पीरभॉयनी 16 लाख रुपये घातले, मुलानं, अब्दुल हुसेननं, डोंगरातून 20-21 किलोमीटरची वाट काढली, 1907 साली गाडी धावली. आणि आज कुणाला काही आहे का त्याचं?

पासवाला : त्यांनी 16 लाख घातले. तुमच्या मंडळानं काय घातलं?

समर्थक : टी-शर्ट.

पासवाला : बरा आहे. मागं इंजिनाचं चित्र, पुढं तुझं पोट. चौथ्या सीटवर बसलास तर इंजिन बाहेरच राहील.

समर्थक : चेष्टा करू नका. आम्ही हेरिटेजचा दर्जा मागतोय. दार्जिलिंगला युनेस्कोचा दर्जा 1999 ला मिळाला, निलगिरीला 2005 ला, कालका-शिमल्याला 2008 ला. माथेरान अजून संभाव्य यादीतच बसलंय.

पासवाला : बसलंय ना? मग उभ्यानं जाणाऱ्यांपेक्षा बरं आहे. पण तू वर्षं सांगितलीस तर मीही सांगतो. 2005 च्या जुलैत पावसानं मार्ग धुऊन नेला, गाडी परत आली 2007 ला. 2016 च्या मे महिन्यात डबे घसरले, गाडी बंद. 2019 च्या पावसात रूळ पुन्हा उखडले आणि नेरळहून गाडी सुटायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. यात उदासीनता कुठं दिसते? मला दिसतो तो डोंगर, पाणी, मुरूम आणि वीस फुटाला एक फूट असा चढ. दरड खाली येताना दर्जा विचारत नाही. दार्जिलिंगला दर्जा आहे, तरी तिथंही दरडी कोसळतातच. गाडी वाचवायची तर गटारं, संरक्षक भिंती, दगड भरलेल्या जाळ्या आणि दर पावसाळ्यानंतर फावडी घेऊन उतरणारे गँगमन लागतात. तुझ्या कागदावर यातलं एक तरी आहे का?

समर्थक : कागदावर भावना आहेत.

पासवाला : भावना फार हलक्या. रुळावर ठेवल्या तर पहिल्या पावसात वाहून जातील.

समर्थक : वेल्समध्ये बघा. तालिलिनची नॅरोगेज गाडी 1951 साली स्वयंसेवकांनी वाचवली. जगातला पहिला प्रयोग. भावनेवरच ना?

पासवाला : चांगलं उदाहरण दिलंस, पण अर्धंच. स्लेटच्या खाणीची ती गाडी. खाण बंद पडली, मालक वारला, स्लीपर कुजले, आणि रूळ जागेवर धरले होते म्हणे गवतानं. मग लोक सुट्टीच्या दिवशी आले आणि त्यांनी गवत काढलं, स्लीपर बदलले, इंजिनात कोळसा टाकला, तिकिटं फाडली. त्यांचे हात काळे झाले म्हणून ती गाडी धावली. हात काळे न करता गाडी वाचली, असं एखादं गाव दाखव. मी दोन सह्या करीन.

समर्थक : इथं ते जमणार कसं? रूळ रेल्वेचे आहेत. मी फावडं घेऊन गेलो तर आरपीएफवाले मलाच धरतील.

पासवाला : हे मात्र खरं. तालिलिन खाजगी होती, आपली सरकारी. इथं स्वयंसेवकाला रुळावर हात लावता येत नाही, लावूही नये. मान्य. पण मग तुझी ताकद एकच उरते, तिकीट. आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दी नसताना तिकीट काढून बसायचं. रविवारी डबे भरतात ते तुझ्यावाचूनही भरतात. खरं सांग, गेल्या खेपेला कसा गेलास माथेरानला?

समर्थक : टॅक्सीनं. मोटारी थांबतात त्या दस्तुरीपर्यंत. पुढं अमन लॉजहून शटल घेतली ना!

पासवाला : म्हणजे एकवीस किलोमीटरांतले तीनच. यालाच मी चौथी सीट म्हणतो. बूड टेकलं न टेकलं, आणि सांगायचं काय, तर बसून आलो.

समर्थक : तुम्हाला नॅरोगेजच नको आहे. सरळ सांगा.

पासवाला : नॅरोगेज हवं की नको, हा प्रश्नच खोटा. गाडीला काम आहे की नाही, ते बघ. बार्शी लाइट रेल्वे घे. कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी गाडी नेली. हुशारी अशी की कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि दुष्काळी मुलखाला रेल्वे परवडते. पुढं ती पंढरपूरला, लातूरला, मिरजेला पोचली. वारकरी गेले, कापूस गेला. त्या काळी तिच्यासारखी गाडी नव्हती. मग ती ब्रॉडगेज झाली, लातूरकडचं काम 2008 पर्यंत उरकलं. आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरच्या नळांना पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. एकेका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे नुसतं पाणीच पन्नास टन. कॅलथ्रॉपच्या हिशेबात चार आसांच्या डब्याला सगळं मिळून वीस टन. आता सांग, वारसा म्हणून तो मार्ग अडीच फुटांवरच ठेवला असता तर लातूरला काय पाजलं असतंस? टी-शर्ट पिळून?

समर्थक : आणि विदर्भातली नॅरोगेज गाडी, शकुंतला? मँचेस्टरचं 1921 चं इंजिन 1994 पर्यंत धावलं! तिच्यासाठी अचलपूर-यवतमाळचे लोक अजून लढतायत. ते काय वेडे आहेत?

पासवाला : वेडे नाहीत, म्हणून तर त्यांची मागणी नीट वाच. ते म्हणतात आम्हाला गाडी द्या, ब्रॉडगेज करून द्या. शकुंतला हे नाव त्यांना प्रिय आहे, तिचा वेग नाही. बाहेरून कॅमेरा घेऊन येणाऱ्याला वेग नसलेला आवडतो, कारण त्याला अचलपूरहून दवाखान्यात पोचायचं नसतं. माथेरानचं उलट आहे. तिथं ब्रॉडगेज चढत नाही, मोटारींना गावात बंदी, म्हणून दोन फुटांच्या गाडीला तिथं आजही खरं काम आहे. गावातल्या लोकांची, सामानसुमानाची गाडी म्हणून ती माग. जादा फेऱ्या माग, पावसाळ्याआधी गटारं साफ झाली का ते विचार. एकदा खेळणं ठरलं की खेळण्यासारखीच वागणूक मिळते, बिघडलं की माळ्यावर.

समर्थक : काका, राग येईल, पण बोलतो. तुम्हाला चौथ्या सीटपलीकडं काही दिसतच नाही. कसारा लोकलच्या गर्दीचं खापर माथेरानच्या गाडीवर का फोडता? ती बंद पडली म्हणून तुमची सीट रुंद होणार आहे का?

पासवाला : नाही होणार. हे तुझं बरोबर आहे.

समर्थक : मग? माणसानं रोजच्या पासापलीकडं काही जपूच नये? तुमच्यासारख्यांमुळं सगळं नुसतं उपयोगाचं होऊन बसलंय!

पासवाला : आणि तुमच्यासारख्यांमुळं सगळं नुसतं फोटोचं. जप ना बाबा, पण आधी ओळख तरी. हा फलाट कसला आहे, माहीत आहे?

समर्थक : वाशिंदचा. घाणेरडा.

पासवाला : 1855 साली कल्याणहून रेल्वे इथवर आली आणि 1860 ला आसनगावला पोचेपर्यंत इथंच संपत होती. नाशिककडं जाणाऱ्याला त्या दिवसांत गाडीचा शेवट वाशिंद. माथेरानच्या गाडीच्या बावन्न वर्षं आधीची गोष्ट. तू तिच्यावर उभा राहून मला वारसा शिकवतोयस.

समर्थक : हे लोकांना सांगायला हवं! इथंही काहीतरी... काका, कल्पना सुचली. टिटवाळ्याहून मुरबाडला नॅरोगेज हेरिटेज गाडी!

पासवाला : जी कधी धावली नाही, तिचा वारसा? मुरबाडला वारसा एकच, रेल्वेची वाट बघण्याचा. तो मात्र भरपूर आहे, युनेस्कोला दाखव.

समर्थक : तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. सही करायची नसेल तर राहू द्या. रविवारी तरी या. चाळीस जण नेरळला जातोय, बॅनर धरून गाडीत बसणार. बस ठरवली आहे.

पासवाला : रेल्वे वाचवायला बसनं?

समर्थक : कल्याणला गाडी बदलायची, कर्जत लोकल पकडायची, एवढी दगदग कोण करणार? आणि गर्दी किती असते! चौथी सीटसुद्धा मिळत नाही.

पासवाला : आता कसं बोललास! पण बसवाल्याला दिलेला अॅडव्हान्स आजच परत माग.

समर्थक : का?

पासवाला : आषाढ चालू आहे. नेरळहून गाडी पावसाळाभर बंद असते, दरवर्षी. चालू असते ती वरची, अमन लॉजची शटल.