बॅटरीचा कारभार

नवी मोटार घेणारा गृहस्थ इंजिनाची अश्वशक्ती, गाडीचा पिकअप आणि लिटरमागे पडणारे कागदोपत्री किलोमीटर यांची माहिती पेढ्यांसोबत वाटत असतो. त्या मोटारीची बॅटरी किती अँपिअर-अवरची आहे, हे मात्र ती निवर्तेपर्यंत त्याला ठाऊक नसते. सकाळी सेल्फला तेवढा हात द्यावा आणि मग दिवसभर इंजिनाच्या जिवावर बसून खावे, असे तिचे परंपरागत वतन असल्याची सार्वत्रिक समजूत आहे. या समजुतीला इतिहासाचा आधारही नाही असे नाही. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींवर बसला आणि हँडल मारता मारता मनगट गमावण्याच्या संकटातून सभ्य मानवजात मुक्त झाली, तेव्हापासून बॅटरीचा संबंध स्टार्टरपुरता, ही कल्पना जनमानसात जी रुजली ती आजतागायत बहाल आहे.

त्यामुळे आमच्या मोटारीने ऐन पौषात सिग्नलला उभ्या उभ्या थरथरावे, दिवे आणि पंखा लावताच तिचा आवाज खोल जावा, आणि हिरवा दिवा लागण्याच्या सुमुहूर्तावर, मागच्या रिक्षावाल्याने आमच्या कुलाचा उद्धार आरंभला असताना, तिने प्राण सोडावा, असा प्रकार सुरू झाला तेव्हा संशयितांच्या यादीत बॅटरीचे नाव असण्याचे काहीच कारण नव्हते. आरोपी ठरले ते इंजिन. आमचे शेजारी नानासाहेब, जे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असून अद्यापि कोणत्याही घटनेचा पंचनामा केल्यावाचून चहाला हात लावीत नाहीत, त्यांनी बॉनेट न उघडताच निकाल दिला, “अहो, भेसळ! पेट्रोलात भेसळ आहे. पंप बदला.” गॅरेजच्या फिटरने “मिसिंग आहे, साहेब,” एवढे उद्गारून प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी धुऊन काढली, आणि बिलाचा कागद अशा काही विनयाने पुढे केला की त्यावरील रकमेचा संताप येण्यास आम्हांला घरी पोहोचेपर्यंत अवधी लागला. मोटार नवे प्लग लेवून पूर्ववत थरथरू लागली.

अखेर रस्त्याकडेच्या एका वायरमनने टर्मिनलवर साचलेली हिरवट-पांढरी बुरशी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडली, मीटरच्या पिना लावल्या आणि “मारा सेल्फ” असे फर्मान सोडले. स्वस्थ असताना १२.३ दाखवणारा काटेकोर आकडा सेल्फ मारताच आठाच्या घरात कोसळला. निरोगी बॅटरी विश्रांतीच्या वेळी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फचा भार अंगावर घेतानाही सहसा साडेनऊच्या खाली उतरत नाही.

“सहातला एक सेल गेलाय, साहेब. इंजिन बिचारं चांगलंय.”

आता इंजिन एकदा सुरू झाल्यावर बॅटरी जगली काय नि मेली काय, ही शंका रास्त आहे, आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या हयात होत्या तोवर तिला उत्तरही सोपे होते: धक्का मारावा आणि चालू पडावे. हल्लीच्या मोटारीत पेट्रोल पंपाला वीज लागते, इंजेक्टरचे तोंड विजेने उघडते, कॉइलमधील ठिणगी विजेची, आणि या सर्वांवर हुकूम चालवणारा ईसीयू तर केवळ विजेवरच जगतो. व्होल्टेज खालावले की इंजेक्टर उघडण्यास विलंब लागतो. ईसीयू तो हिशेबात धरून मुदत वाढवून देतो खरा, परंतु व्होल्टेजच जागचे हलत असेल तर त्याने तरी किती वेळा जमाखर्च दुरुस्त करावा? सिग्नलला अल्टरनेटर मंद फिरत असता त्याची आवक घटते, दिवे-पंख्याचा खर्च चालूच राहतो, आणि ही तूट नेहमी बॅटरी मुकाट्याने भरून काढीत असते. खजिन्यात शिल्लक असेपर्यंत वसुली थकली तरी कचेऱ्या बिनबोभाट चालतात. शिल्लक आटली की तगादा थेट रयतेकडे जातो. येथील रयत म्हणजे इंजिन. चौदा व्होल्टला सत्तर अँपिअर द्यायचे म्हणजे सुमारे एक किलोवॅट वीज, आणि अल्टरनेटरची स्वतःची दलाली धरता दीड-दोन अश्व तरी पट्ट्यावाटे जप्त होतात. भरधाव मोटारीच्या साठ अश्वांमधून दोन वजा झाले तर घाट चढतानासुद्धा कोणाला पत्ता लागत नाही, पण सिग्नलला पागेत जागे असतात ते मोजकेच. त्यांतले दोन नेले म्हणजे उरलेल्यांचे पाय लटपटणारच.

बॅटरी मरते वैशाखातल्या उन्हात, बॉनेटखालच्या भट्टीत. तिच्या मृत्यूचा दाखला मात्र पौषातल्या गारठ्यात हाती पडतो, कारण तेव्हा तेल घट्ट होते, सेल्फला जोर जास्त लागतो आणि झाकली मूठ उघडी पडते.

नवी बॅटरी बसली. जुनी काढताना वीज तुटल्यामुळे ईसीयू आजवर शिकलेले सारे विसरला, आणि पहिल्या दिवशी इंजिनाचे फेरे विनाकारण वरखाली होत राहिले. घड्याळही बारावर येऊन बसले. दोन-चार फेरफटक्यांत ही विस्मृती ओसरली आणि सिग्नलला मोटार इतकी निश्चल उभी राहू लागली की ती चालू आहे की बंद, हे डॅशबोर्डकडे पाहून ठरवावे लागे. नानासाहेबांनी फाटकाशी उभे राहून हे सारे अवलोकिले आणि विचारले, “पंप बदललात ना?”

बॅटरीच्या दुकानाला लागूनच एक पंप आहे आणि तेथे टाकी भरून घेतली होती, हे आम्हांला कबूल करावे लागले.

“मग!” असे म्हणून ते चहाला गेले.