भाडं मंजूर, जवळच्या मार्गाने

कोल्हापूरहून नागपूरला मुलाखतीला जायचं तर महाराष्ट्र एक्स्प्रेस हवी. ही गाडी राज्याची हद्द न ओलांडता पार गोंदिया गाठते आणि वाटेत शक्यतो कुठल्या स्टेशनचं मन मोडत नाही.

भाच्याच्या मुलाखतपत्रात छापलं होतं : स्लीपरचं जाण्यायेण्याचं भाडं, जवळच्या मार्गाने, तिकीट दाखवल्यावर. लॉज आणि रिक्षाबद्दल पत्राने मौन पाळलं होतं.

सोबतीला निघालेल्या मला वयाच्या कृपेने लोअर बर्थ मिळाला. उमेदवाराचं तिकीट आरएसीत अडकलं. म्हणजे भाडं पूर्ण, बर्थ अर्धा. एस-४ मधल्या ३१ नंबरच्या उरलेल्या अर्ध्यावर साताऱ्याला एक मुलगा येऊन बसला. त्याच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, भाच्याच्या मांडीवरही तसलीच. दौंडपर्यंत दोघं फायली छातीशी धरून एकमेकांना न्याहाळत होते. मनमाडला अपरात्रीच्या चहावर उलगडा झाला : ऑफिस एकच, जागाही एकच. मग मात्र त्यांचं मेतकूट जमलं. एक आडवा झाला की दुसरा पाय आखडून चालू घडामोडी वाचायचा.

मुलाची ताई जर्मनीत. तिथे उमेदवाराला बोलावलं आणि 'खर्च मिळणार नाही' असं आधी कळवलं नाही, तर नागरी संहितेच्या कलम ६७० नुसार प्रवासखर्च द्यावा लागतो, नोकरी देवोत न देवोत. आपल्याकडे खासगी मालकावर असं सरसकट बंधन नाही. पत्रात छापलं तेवढंच पदरात.

मुलाखती दहा-दहा मिनिटांत आटोपल्या. खरी परीक्षा भाड्याच्या खिडकीवर होती. फॉर्म, तिकिटाची प्रत, रद्द केलेला चेक. शिवाय रेव्हेन्यू स्टॅम्प. तो कायद्याने पाच हजारांच्या वरच्या पावतीला लागतो, पण इथे काही शेकड्यांनाही हवा होता. तोही आणला. बाबूंनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले आणि चष्मा वर केला.

"एकाच सीटवर दोघं दिसून राहिले ना भाऊ!"

"आरएसी आहे, साहेब."

"म्हणजे अर्धी सीट. मग भाडं पूर्ण कसं?"

"रेल्वेने पूर्ण घेतलं."

"ते रेल्वेचं झालं. आमचं ऑडिट वेगळं राहते." बराच खल झाला, आतल्या साहेबांपर्यंत फॉर्म जाऊन आले आणि अखेर दोघांचंही पूर्ण भाडं मंजूर झालं. परतीचं मात्र प्रवास झाल्यावर, तिकीट पोस्टाने पाठवल्यास.

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "तुम्ही कोणत्या पोस्टसाठी?"

"मी याचा मामा."

"मामाचं भाडं भेटत नाही," बाबू म्हणाले आणि खिडकी लावून जेवायला गेले.