सहा सासवा आणि सलमाबाद

बहरीनमधलं सलमाबाद म्हणजे गॅरेजं, वर्कशॉप आणि ग्रीसचा वास. बहरीन भारताच्या अडीच तास मागे, त्यामुळे २०१३ साली ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका तिकडे रात्री आठला सुरू व्हायची, तेव्हा इथे साडेपाचच वाजलेले.

ती बघणाऱ्यांतल्या एका गटाचं म्हणणं, एका सुनेला सहा सासवा आणि साऱ्या प्रेमळ, असं घर असतं कुठे? दुसऱ्याचं, नसतं म्हणूनच तर बघायचं! त्या सुनेचं, जान्हवीचं, गरोदरपण इतकं लांबलं की त्यावरचे विनोदही म्हातारे झाले. पण ‘काहीच घडत नाही’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनाच (बहुतेक पुरुष) प्रत्येक भाग तोंडपाठ.

जळजळीत वास्तवच हवं असेल, तर जुलैतल्या भरदुपारी सलमाबादला या. फुकट मिळतं.