नै म्हणजे हो

क्रीटला मी गेलो तो बसायला. लेक तिथे हानिया नावाच्या शहरात शिकवते. नाव ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं. तिच्या भाड्याच्या घरामागे अंगण, अंगणात लिंबोणी, लिंबोणीखाली वेताची खुर्ची आणि समोर लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर. एप्रिल संपत आला तरी माथ्यावर बर्फ. असं दृश्य बसून बघायचं असतं, अशी माझी आपली समजूत. खुर्चीत मांजर होतं. ते उठलं की बसू म्हणून मी उभा राहिलो.

तेवढ्यात घरमालकीण आली. ग्रीकमध्ये आजीला 'याया' म्हणतात, आणि ही बाई त्या शब्दाच्या मराठी अर्थालाही जागणारी. हातात सुरी आणि टोपली. तिने काहीतरी विचारलं. मी भिडस्तपणे हात हलवत म्हणालो, "नै, नै."

ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. हे लेकीने सांगितलं तेव्हा मी टेकडीच्या उतारावर ओणवा होऊन रानभाजी खुडत होतो. तिला 'होर्ता' म्हणतात. उकडायची, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. पहिल्या घासाला आमची ही म्हणाली, "अगदी टाकळा!" हजारो मैल उडून आम्ही टाकळ्यापर्यंत पोचलो होतो.

मे महिन्यात सामारियाची घळ उघडते. "बाबा, सोळा किलोमीटर आहे, पण सगळा उतार," लेक म्हणाली. मी सिंहगडावर वाढलेला माणूस. आमच्याकडे आधी चढायचं, वर पिठलं-भाकरी खायची, मग उतरायचं. आधी काम, मग मजुरी. इथे गड उलटा ठेवलाय. बस तुम्हाला सुमारे १२३० मीटर उंचीवर सोडते आणि खाली समुद्र गाठायला सांगते. सुरुवातीच्या टप्प्याचं नावच क्सिलोस्कालो, म्हणजे लाकडी जिना. चढताना गुडघा कुरकुरतो. उतरताना तो भाषण करतो.

दारावर तिकीट देऊन बजावतात, शेवटपर्यंत जपून ठेवा. आत कोणी मुक्कामाला राहिलं नाही ना, हे त्यावरून मोजतात. माझ्यामुळे त्यांचा हिशेब चुकणार, याची मला चौथ्या किलोमीटरला खात्री पटली. वाटेत एक फलक होता. दरड कोसळण्याचा धोका, भरभर चाला! जन्मभर 'सिगा, सिगा', म्हणजे हळूहळू, म्हणणाऱ्या या लोकांना नेमकी इथेच घाई!

मध्यावर सामारिया हे ओसाड गाव लागतं. १९६२ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि गावकऱ्यांना हलवलं. आता तिथे खेचरं असतात, जायबंदी झालेल्यांना न्यायला. मी एका खेचराकडे आशेने पाहिलं. त्याने माझ्या पोटाकडे पाहून मान फिरवली. ही म्हणाली, "अहो, आधी पाय तरी मुरगळू द्या."

आणि मग आले लोखंडी दरवाजे. दोन्ही बाजूंना सुमारे ३०० मीटर उंच कडे, मधली वाट जेमतेम तीन-चार मीटर. माझी बडबड तिथे आपोआप थांबली. वर पाहिलं, तर आकाश साडीच्या काठाएवढं उरलेलं. कानात फक्त ओढा. गुडघेही दोन मिनिटं गप्प होते.

शेवटी आयिया रुमेली. या गावाला मोटाररस्ताच नाही, परतायचं ते बोटीने. दारावर मी तिकीट दाखवलं. घामाने त्याचा लगदा झाला होता, पण माणूस मोजला गेला. दुसऱ्या दिवशी हानियाच्या बंदरावर पायऱ्या पाठमोऱ्या उतरणारी चार माणसं दिसली. आम्ही एकमेकांना ओळखलं. गुडघ्यांची हानी होते म्हणून हानिया, ही व्युत्पत्ती माझी.

ऑगस्टात पुन्हा गेलो, तेव्हा पोहण्याबद्दल 'नै' म्हणालो. उन्हाळ्यात तिथे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. दक्षिण किनाऱ्यावर त्याने माझी टोपी उचलली आणि लिबियाच्या दिशेने रवाना केली. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तिला निरोप दिला. तेवढंच माझं पोहणं.

तिसरी खेप ऑक्टोबर अखेरची. २८ तारखेला रस्त्यावर शाळकरी मुलांचं संचलन. १९४० साली याच दिवशी मुसोलिनीने ग्रीसला निर्वाणीचा इशारा दिला आणि ग्रीसने त्याला नकार दिला. त्या दिवसाचं नावच 'ओही'. ओही म्हणजे नाही. नाही म्हटल्याची अख्ख्या देशाला सुट्टी! आणि मला तो शब्द तिसऱ्या खेपेला कळत होता.

कळून उपयोग काय? त्याच संध्याकाळी यायाच्या भाच्याकडे 'काझानी' होतं. द्राक्षं पिळून उरलेला चोथा तांब्याच्या भट्टीत घालून उघड्यावर राकी गाळतात, निखाऱ्यात बटाटे भाजतात. मलाही फावडं मिळालं. पहिल्या पेल्यानंतर दुसरा पुढे आला. सवयीने तोंडातून गेलं, "नै, नै." तिसऱ्यालाही तेच. घरी आल्यावर ही म्हणाली, "मुसोलिनीला जमलं नसतं ते यायाने केलं."

जानेवारीत मात्र मी तयारीने गेलो. रात्रभर पाऊस पडला होता. मांजर घरात, खुर्ची मोकळी. डोंगर थेट पायथ्याजवळपर्यंत पांढरे. तेवढ्यात याया दारात. खांद्यावर जाळी, हातात ऑलिव्ह झोडायची काठी. पाठीमागे तिचा ट्रॅक्टरवाला भाचा. तिने विचारलं. ऑलिव्हखाली जाळी अंथरायची, फांद्या झोडायच्या, पोती भरायची, दिवसभर.

'ओही' जिभेवर होतं, अगदी संचलनासकट. मी खुर्चीकडे पाहिलं. मग यायाच्या हातातल्या दुसऱ्या काठीकडे. ती बरोबर माझ्या उंचीची होती.

"ने," मी म्हणालो. या वेळी ग्रीकमध्ये.