चिखलसर

वसई-विरार पट्ट्यात हिंडाल तर एखादा चिखलसर भेटतोच. अभ्यास पाणथळ जागांचा आणि नदीकाठांचा, डिग्री भारदस्त, चप्पल मात्र कायम हातात. स्कूटरच्या डिकीत गमबूट, दुर्बीण, जमिनीत फिरवून माती काढायचं गिरमिट आणि दोन सारखेच डबे. एकात गाळ, एकात पोळीभाजी. कुठला कशाचा, ते बायकोनं वर चिठ्ठी चिकटवून पक्कं केलंय.

लग्न झालं तेव्हा सासूबाई जावयावर जाम खूश होत्या. पोरगा सकाळी उठल्या उठल्या कालनिर्णय बघतो, पुनव-अवस विचारतो, म्हणजे केवढा देवभोळा! पुढे उलगडा झाला, की जावयाला उपास धरायचा नसून उधाण गाठायचंय. पुनवेला सासरी सत्यनारायण, आणि जावईबापू वैतरणेच्या काठी तिवरांत गुडघाभर रुतून निवट्या मासे मोजतायत. प्रसाद दुसऱ्या दिवशी डब्यातून जातो. चिठ्ठीसकट.

सरांचं खरं रूप बघावं ते प्लॉटवर. मालक हात पसरून सांगतो, ''आमच्या आज्यापासून इथं खडखडीत जमीन आहे, साहेब.'' सर वाद घालत नाहीत, गिरमिट फिरवतात. वर लाल मुरूम, विटांचे तुकडे, गुटख्याची पुडी. त्याखाली करडा, बोटांना चिकटणारा गाळ. पाण्यात बुडून हवेपासून तुटलेली माती अशी करडी पडते. मुळांच्या वाटेनं जिथं थोडी हवा पोचते, तिथं तिच्यातल्या लोखंडाला गंज चढतो. त्या तांबड्या रेघा सर मालकाला नखानं दाखवतात, कुजक्या अंड्याचा वास मनापासून हुंगतात आणि नम्रपणे विचारतात, ''मुरूम तुमचा, खालचं खाडीचं. पुडी आजोबांची का?''

बावखलांची यादी करायचा त्यांना नाद आहे. वाडीतली ही गोड्या पाण्याची डबकी पावसाचं पाणी धरत, विहिरी गोड राखत, केळी नि पानवेली जगवत. यादी हातात घेऊन सर एका म्हातारीच्या अंगणात शिरले.

''मावशी, तुमचं बावखल कुठं आहे?''

''तू स्कूटर लावलीस ना बाबा, तिथंच.''

जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, गाड्या थांबल्या, वसईच्या मिठागरांत माणसं अडकली. 2017 च्या पाणथळ नियमांनी मात्र मिठागरं आधीच पाणथळांतून वगळलेली. पुरानंतर नीरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांनी उपाय सुचवले, त्यात पाणी साठवून धरायला धारण तलाव होते. ''म्हणजे फुकटची बावखलं पैसे देऊन बुजवायची आणि पैसे देऊन पुन्हा खणायची!'' सर हे इतक्या आनंदानं सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं कंत्राट त्यांनाच मिळालंय. आठ महिने त्यांना विकासाचे वैरी म्हणणारे शेजारी जून उजाडला की चहाला बोलावतात आणि दुसऱ्या कपाला हळूच विचारतात, ''गाडी कुठं लावू हो यंदा?''

सर स्वतः अजून भाड्याच्या घरात. फ्लॅट बघायला गेले की बायको किचनचा ओटा बघते, सर तळमजल्यावर पार्किंगच्या भिंतीपाशी उकिडवे बसतात. परवाही बसले. नवा रंग नखानं खरवडला, खालची मातकट रेघ शोधली, वितीनं मोजली. कमरेच्या वर भरली. बुकिंगचा पोरगा धावत खाली आला.

''सर, तो जुना ओलावा आहे. आता काही नाही.''

''बरं.''

पोरगा घुटमळला. इकडंतिकडं बघून खालच्या आवाजात म्हणाला, ''सर, स्टाफला सवलत आहे म्हणून मी पण इथंच बुक करतोय. घेऊ ना?''

''घे की,'' सर गुडघे झटकत उठले. ''तिसऱ्या मजल्याच्या वर घे. आणि बाइक लिफ्टमधून वर नेता येते का, तेवढं आधी विचारून ठेव.''