पहिली रायफल कुठली घ्यावी, हे आता आपणच सांगा

प्रति,
सार्वजनिक सुरक्षा खातं, कॅनडा सरकार, ओटावा.



५ डिसेंबर २०२४ रोजी आपण बंदीच्या यादीत बंदुकांची आणखी ३२४ नावं घातलीत. त्याला तीन महिने झाले न झाले तोच, ७ मार्च २०२५ ला, आणखी १७९ आली. मे २०२० मध्ये सुमारे दीड हजार नावांनी सुरू झालेली ही यादी आता अडीच हजारांच्या पुढे गेली आहे. कॅनडात इतक्या नेमाने वाढणारी दुसरी गोष्ट म्हणजे घरभाडं; त्याबद्दल वेगळं पत्र लिहू. तूर्त अभिनंदन स्वीकारावं आणि एक अडचण सोडवून द्यावी. ब्रॅम्प्टनपासून कॅलगरीपर्यंत जे कोणी नवा परवाना खिशात घालून पहिली रायफल घ्यायला दुकानात उभे राहतात, मग ते स्मिथ असोत की सावंत, त्यांना पूर्वी जाणकार विचारायचे, कशासाठी हवी? निशाणबाजीला की हरणाला? आता पहिला प्रश्न आपल्याविषयीचा असतो: ही उद्या यादीत गेली तर? याचं उत्तर दुकानदाराकडे नाही, परीक्षा घेणाऱ्याकडे नाही, आणि ते आपल्याकडेही नाही अशी आमची दाट शंका आहे.

आधी आपल्या परवाना-पद्धतीचं कौतुक करू, कारण ती कौतुकास्पद आहे. भारतात शस्त्रपरवाना मागणाऱ्याला कारण सांगावं लागतं, जिवाला धोका किंवा पिकाला जनावरांचा उपद्रव. मग जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ठरवणार, आणि मिळालाच तर कुठलं शस्त्र ते परवान्यावर नोंदलं जाणार. कॅनडात साध्या रायफलीचा आणि शॉटगनचा परवाना माणसाचा असतो, बंदुकीचा नाही. म्हणून आपण माणूस तपासता, आणि कसून तपासता. निदान आठ तासांचा सुरक्षा अभ्यासक्रम, त्यावर लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन परीक्षा, दोन्हींत ८० टक्के. हाती निकामी केलेली बंदूक आणि खोटी काडतुसं देऊन बघता, की उमेदवार प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालतो का, नळीचं तोंड कुठे वळवतो, बोट चापापासून लांब ठेवतो का, कोठी रिकामी असल्याचं डोळ्यांनी पाहून घेतो का. (हे सगळं पार पडून कार्ड हाती येईपर्यंत एकही खरी गोळी झाडावी लागत नाही, ही गंमत बाजूला ठेवू.) मग अर्ज. नैराश्यावर उपचार घेतलेत का, आत्महत्येचा प्रयत्न केलात का, दारूचं व्यसन होतं का, अलीकडे घटस्फोट झाला का, नोकरी गेली का, दिवाळं निघालं का. जोडीदाराला कळवणार, सोडून गेलेल्या जोडीदारालाही कळवणार, ओळखणाऱ्या दोघांना विचारणार. पहिल्या परवान्याला २८ दिवस सक्तीने थांबवणार. २०१९ च्या कायद्याने तर पाच वर्षांऐवजी सगळ्या आयुष्याची चौकशी करण्याची मुभा आपण घेतलीत. एवढ्यावर भागत नाही. कार्ड मिळाल्यावरही प्रत्येक परवानाधारकाचं नाव पोलिसांच्या नोंदींशी रोज ताडून पाहिलं जातं, रोज! आणि इतकं करून एके सकाळी त्याच माणसाला सांगितलं जातं की तुझ्या कपाटातली वस्तू समाजाला धोकादायक आहे. पत्रिका, पगार, व्यसनं, शेजारपाजारचं मत सगळं बघून सोयरीक जुळवायची आणि मांडवात मुलाच्या बुटांचा ब्रँड पसंत नाही म्हणून मोडायची, अशातला हा प्रकार. परवान्यावर विश्वास असेल तर यादीची एवढी घाई कशाला? आणि विश्वास नसेल, तर तो परवाना देता तरी कशाला?

यादीचा नवशिक्यावर परिणाम काय होतो ते पाहा. जाणकारांचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे: पहिली रायफल पॉइंट टू-टूची, बोल्ट ॲक्शन. काडतूस स्वस्त, खांद्याला धक्का नाही, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो म्हणून घाई आपोआप मोडते. सॅव्हेजच्या अशा रायफली ऑन्टारिओतल्या लेकफील्ड गावी बनतात, म्हणजे स्वदेशीचं पुण्यही पदरात पडतं. पुढे हरणाची शिकार करायची तर टू-फोर्टी-थ्री किंवा थ्री-ओ-एट, मूससारखं धूड असेल तर थर्टी-ऑट-सिक्स. दस्ता आपल्या हाताच्या लांबीला बसतो का, वजन दिवसभर खांद्यावर पेलेल का, स्कोप ठीक लागतो का, एवढं बघायचं. हा सल्ला आजही खरा आहे. फरक इतकाच, की आता बोल्ट ॲक्शन घ्या असं सांगताना निम्मं कारण हाताच्या वळणाचं असतं आणि निम्मं आपल्या लहरीचं. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी, घेणाऱ्याला तर ज्योतिषीच गाठावा लागेल. कारण यादीत फक्त नावं नाहीत. त्या नावांचे ‘प्रकार’ही बंदीत येतात, आणि ‘प्रकार’ म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात कुठेही नाही. कुठली बंदूक कुठल्या बंदुकीची नातलग ठरते, हे पोलिसांच्या संदर्भ-तक्त्यात बघायचं. तो तक्ता बदलला की परवापर्यंतची साधी रायफल आज गुन्ह्याचा मुद्देमाल, आणि मालकाला पत्र येईलच असंही नाही. पत्र यावं कसं? लांब नळीच्या साध्या बंदुकांची देशव्यापी नोंदवही तर २०१२ मध्ये मोडीत निघाली. (तिच्यावर अब्जाहून अधिक डॉलर खर्च होतील असं महालेखापरीक्षकांनी २००२ मध्येच सुनावलं होतं. क्यूबेकने मात्र आपली वेगळी नोंद ठेवली.) म्हणजे बंदी घातली त्यांतल्या अनेक बंदुका कुणाकडे आहेत हे आपल्याला ठाऊक नाही. त्या देऊन टाकणार कोण? जो नियम पाळतो तोच.

आणि इथे ‘आपण-आपण’ पुरे. मे २०२० मध्ये तुम्ही म्हणालात की ही युद्धाची शस्त्रं आहेत, यांना कॅनडात जागा नाही. मग ती जागेवरच का राहिली? मालकांवर कारवाई न करण्याच्या अभयाची मुदत २०२२ पर्यंत दिलीत. ती २०२३ पर्यंत वाढवलीत. मग २०२५ पर्यंत. मग २०२६ पर्यंत. रणांगणावरचं म्हणून ज्याची निंदा केलीत ते हत्यार त्याच घरात, त्याच कपाटात, त्याच कुलपात वर्षानुवर्षं पडून राहिलं. त्या माणसाने काही केलं नाही, कारण तो काही करणाऱ्यांतला नव्हताच. हे तुम्हालाही माहीत होतं, म्हणून तर तुम्ही निश्चिंत राहिलात. माणूस खरोखर धोकादायक वाटला असता तर मुदत वाढवून देताना हात थरथरला असता की नाही? आणि हत्यार खरोखर धोकादायक वाटत होतं, तर माँट्रियलच्या ज्या बायका १९८९ पासून एका रायफलीच्या बंदीची मागणी करत होत्या, त्यांना काय तोंड दाखवता? एकोल पॉलिटेक्निकमध्ये ६ डिसेंबर १९८९ ला १४ स्त्रियांना ज्या रूगर मिनी-१४ ने मारलं, ती रायफल या देशात २०२० पर्यंत कायदेशीर होती. तीस वर्षांहून अधिक. मग घाईघाईने बंदी, आणि त्यानंतर वर्षामागून वर्षं मुदतवाढ. डिसेंबर २०२४ ची ती घोषणा त्या हत्याकांडाच्या पस्तिसाव्या स्मरणदिनाच्या आदल्या दिवशी झाली. तारीख मात्र अचूक साधलीत.

आता कुणी म्हणेल, परवानाधारकही माणसं मारतात. मारतात. क्यूबेक शहरातल्या मशिदीत २९ जानेवारी २०१७ ला नमाज संपताना सहा जणांना मारणाऱ्याकडे परवाना होता. त्याची रायफल अडकली आणि त्याने पिस्तुलाने संहार केला. पुढे पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवण्याचं पाऊल २०२२ मध्ये उचललंत. ते बरोबर की चूक हा वाद इथे घालत नाही. पण त्या प्रकरणातली एक बाब शिक्षेच्या सुनावणीत पुढे आली होती आणि ती यादीच्या गोंगाटात बुडाली: परवान्याच्या अर्जातल्या मानसिक आजाराच्या प्रश्नाला त्याने खोटं उत्तर दिलं होतं. प्रश्न विचारला गेला होता. उत्तर पडताळलं गेलं नव्हतं. सहा माणसं गेली ती अर्जावरच्या एका चौकोनामुळे असं म्हणणं अतिरेकाचं होईल, पण धडा बंदुकीच्या नावात शोधायचा की त्या चौकोनात, हे शाळकरी पोरही सांगेल. अर्ज तपासायला माणसं वाढवायची, डॉक्टरला फोन करायचा, संदर्भ देणाऱ्या दोघांशी खरोखर बोलायचं, या कामाला पत्रकार परिषद लागत नाही. म्हणूनच बहुधा ते मागे पडतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: शिकाऱ्याला सेमी-ऑटोमॅटिक लागतेच कशाला? हा मुद्दा आम्ही मान्य करून टाकतो, भांडण सोपं होईल. नोव्हा स्कोशियातल्या एप्रिल २०२० च्या हत्याकांडानंतर, ज्यात २२ जण मारले गेले, नेमलेल्या आयोगाने मार्च २०२३ मध्ये तसंच सुचवलं: अमुक यंत्रणेच्या, सुटं आणि पाचापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन घेणाऱ्या बंदुका सरसकट बंद करा. हा नियम आहे. तो आवडो न आवडो, नवशिक्याला वाचून कळतो. आपण असा नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आणूनही पाहिलात. फर्स्ट नेशन्सच्या सभेने एकमुखाने विरोध केला, माँट्रियल कनेडियन्सच्या गोलरक्षकाने शिकारीची बंदूक हाती घेतलेला फोटो टाकला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आपण तो मागे घेतलात. नंतर डिसेंबरमध्ये जो कायदा झाला त्यात नियम आहे, पण फक्त १५ डिसेंबर २०२३ पासून पुढे जन्मणाऱ्या बंदुकांसाठी! त्याआधी जन्मलेली, तीच यंत्रणा, तेवढंच मॅगझिन, यादीत नाव नसेल तर बिनदिक्कत चालते. नियमाला घाबरलात आणि यादीच्या आडोशाला गेलात; नियमाविरुद्ध सगळे एकत्र येतात, यादीत मात्र एका वेळी थोड्यांचीच पाळी येते, बाकीचे आपलं नाव नाही म्हणून गप्प.

तरीही खरं सांगायचं तर आपली कीव येते. नोव्हा स्कोशियाच्या त्या खुन्याकडे परवाना नव्हताच. त्याच्या बंदुकांपैकी तीन अमेरिकेच्या मेन राज्यातून सीमेपलीकडून आलेल्या, आणि त्याच्याकडे बेकायदा हत्यारं असल्याची खबर पोलिसांपर्यंत आधीच पोहोचलेली. जवळजवळ नऊ हजार किलोमीटरची सीमा, पलीकडे जगातलं सर्वांत मोठं बंदुकांचं दुकान, आणि प्रत्येक हत्याकांडानंतर कॅमेऱ्यासमोर उभं राहून काहीतरी केलं असं सांगण्याची सक्ती. तस्कराचा पत्ता आपल्याकडे नाही. मेनमधल्या दुकानदारावर हुकूमत नाही. पण वीस लाखांहून अधिक परवानाधारकांचे पत्ते मिरामिशीच्या परवाना-कचेरीत व्यवस्थित लावून ठेवलेले आहेत. जे हाताशी, तेच करायचं. कुठल्याही सरकारने हेच केलं असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच मंत्र्यांचं खासगी संभाषण बाहेर आलं, त्यात बंदी घातलेल्या बंदुका परत घेण्याच्या योजनेमागचं तर्कशास्त्र मला समजावायला सांगू नका, अशा अर्थाचं ते बोलून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना शब्द मागे घ्यावे लागले. निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबातला माणूस. बंदूक म्हणजे काय हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत असणार. त्या घडीला आम्हाला ते एकमेव प्रामाणिक सरकारी निवेदन वाटलं, आणि तेच त्यांना मागे घ्यावं लागलं.

तेव्हा मागणी छोटी आहे. कुठल्या यंत्रणेच्या बंदुका चालतील आणि कुठल्या नाहीत, हे एका पानावर, जन्मतारीख न विचारता, लिहून द्या. त्या पानावर सेमी-ऑटोमॅटिक अजिबात नसली तरी तक्रार नाही. बाकीचा पैसा आणि बाकीची माणसं अर्जावरच्या त्या चौकोनामागे लावा. उत्तर अभयाची मुदत पुन्हा वाढवण्याच्या आत आलं तर बरं. वाढवणारच असाल, तर तेही आत्ताच कळवावं.

आपला विश्वासू
(रोज पडताळून पाहिलेला)

ता. क. एसकेएस नावाची जुनी सोव्हिएत रायफल, एकेकाळी स्वस्त म्हणून नवशिक्यांची आणि उत्तरेतल्या आदिवासी शिकाऱ्यांची लाडकी, आपल्या यादीत घातली नाहीत. तिचा आढावा घेऊ म्हणालात. कुणी पहिली रायफल म्हणून ती घ्यावी का, असं विचारलं तर आम्ही थांबा म्हणून सांगतो. किती थांबा, हे मात्र आपण सांगायचं आहे.