टाळूवरचा अनुशेष

महाराष्ट्राचा अनुशेष मोजायला १९८३ साली दांडेकर समिती नेमावी लागली होती. टाळूवरचा अनुशेष मोजायला समिती लागत नाही. मंगल कार्यालयात ड्रोन फिरला की पुरे. वरून घेतलेल्या त्या चित्रणात नवरा-नवरी शोधावे लागतात, पण मुलाकडच्या पहिल्या दोन रांगांत कोणाची किती जमीन उघडी पडली आहे ते एकरा-गुंठ्यांत सांगता येतं. पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी मिळून टीव्हीवर पाहिला, तेव्हा आमच्या साडूंनी मध्येच विचारलं, "हा कोण हो, पंख्याखाली बसलेला?" ते स्वतःच होते.

साडू सरकारी नोकर. सारी हयात नियोजनाच्या टेबलावर गेलेली. एखादी बाब मार्गी लावायची तर आधी तिची प्रतवारी करावी, हे अंगवळणी पडलेलं. टकलाची प्रतवारी त्यांना तयारच मिळाली. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने ती १९५१ मध्ये लावली, १९७५ मध्ये नॉरवूड यांनी सुधारली. कपाळाचे कोपरे किंचित आत सरकले की दुसरी पायरी; नुसती कानांवर आणि मानेवर झालर उरली की सातवी. याच हॅमिल्टननी त्याआधी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली होती: वयात येण्यापूर्वी ज्यांचे अंडकोश काढले गेले, त्यांना टक्कल पडत नाही. एकदाच खर्च, पुढे देखभाल शून्य. तरी या उपायाची जाहिरात अर्धं पान घेऊन अजून कुणी दिलेली नाही.

ज्याची दिली जाते त्या केसरोपणाच्या जाहिरातींत दोन फोटो असतात. 'आधी'च्या फोटोत माणूस ट्यूबलाइटखाली बनियनवर, कर्जवसुलीची नोटीस नुकतीच हातात पडल्यासारखा. 'नंतर'च्या फोटोत तोच माणूस ब्लेझर घालून, दाढी कोरून, हसत. केसांनी दात कसे पांढरे केले हे कुणी विचारत नाही. खाली 'ऑफर शेवटचे तीन दिवस' हे वाक्य, जे गेल्या गणपतीपासून आहे. शिवाय सुलभ हप्ते. आणि आता नवीन आलंय ते 'अनलिमिटेड ग्राफ्ट्स'.

या शेवटच्या शब्दावर साडू खूश झाले होते. वास्तविक नियोजनवाल्या माणसाला तिथेच शंका यायला हवी. केसरोपणात नवा केस एकही उगवत नाही. मागच्या आणि कडेच्या भागातले केस मुळासकट काढून पुढे बसवतात, इतकंच. सरकारी भाषेत याला पुनर्विनियोजन म्हणतात. एका शीर्षाखालची तरतूद दुसऱ्या शीर्षाखाली वळवायची, एकूण बेरीज तीच. फरक एवढाच की इथे शीर्ष एकच आहे. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, आणि बहुतेकांच्या मागच्या भागातून आयुष्यभरात मिळून काही हजार ग्राफ्टच सुरक्षितपणे निघतात. त्यापलीकडे काढत गेलं की मागचा भाग विरळ होतो, जागोजाग खड्डे दिसतात. पुढचं दिसतं, फोटोत येतं, उद्घाटनाला बरं पडतं. मागच्या भागाने सोसायचं आणि गप्प राहायचं. हे गणित विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकांना मी समजावून सांगायची गरज नाही.

मात्र एका बाबतीत केसांचं कौतुक करायला हवं. मागचे केस पुढे नेले तरी गळत का नाहीत, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेनट्राइक यांनी १९५९ मध्ये लिहून ठेवलं. केस जिथून आला तिथला गुण सोबत घेऊन येतो. टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाला मागचे केस फारसे बधत नाहीत, आणि पुढे आल्यावरही ते आपला बाणा सोडत नाहीत. नव्या जागी गेल्यावरही मूळ निष्ठा कायम! दहाव्या परिशिष्टाची गरज न पडता पक्षांतर पचवणारी महाराष्ट्रातली ही एकमेव जमात असावी.

तर साडू क्लिनिकमध्ये गेले. तिथे डॉक्टर भेटत नाहीत, आधी काउन्सेलर मॅडम भेटतात. त्यांनी स्केचपेनासारख्या मार्करने कपाळावर रेघ ओढून आरसा दिला. साडूंनी खिशातून कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो काढला आणि "एवढी खाली घ्या" म्हणाले. मॅडमनी घेतलीही! खाली घेतली की ग्राफ्ट वाढतात आणि जाहिरातीत 'अनलिमिटेड' असलं तरी दर ग्राफ्टवर असतो. चांगला डॉक्टर इथे अडून बसतो. पन्नाशीच्या चेहऱ्यावर विशीची रेषा शोभत नाही हे एक, आणि मागे गळती चालूच राहणार हे दुसरं. पंचविशीच्या आतल्या मुलांना तर तो पुष्कळदा 'थांब' म्हणून परत पाठवतो, कारण घाईने पुढे झाडी लावावी आणि दहा वर्षांत तिच्यामागे मैदान पडावं, असं होतं. साडू ती रेघ घेऊनच स्कूटरवरून घरी आले. सोसायटीच्या वॉचमनने कुठल्या संप्रदायाचा टिळा म्हणून विचारलं.

पूर्वतयारीची यादी त्यांनी फ्रिजवर लावली. रक्ताच्या चाचण्या: हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठायला लागणारा वेळ, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही. सिगारेट बंद, कारण तिने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या जागी केसाला रक्त कमी मिळतं. दारू बंद. ई जीवनसत्त्व आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल बंद, कारण रक्तस्राव वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही; केसांपायी हृदयाशी खेळ नको. शेवटची ओळ होती: पुढून बटणांचा शर्ट घालून यावे. साडूंनी बाकी सगळं पाळलं आणि त्या दिवशी वाढदिवसाचा टी-शर्ट घालून गेले. संध्याकाळी तो कात्रीने कापूनच काढावा लागला. मेहुणीने ती चिंधी अजून ठेवली आहे, भांडणात उपयोगी पडते.

शस्त्रक्रियेत दुखतात ती बधिर करायची इंजेक्शनं. कपाळापासून मानेपर्यंत टोचत जातात. ती झाली की सहा-आठ तास टाळू तुमची राहत नाही. आधी पालथं झोपवून मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक तोंडाच्या पंचने एकेक ग्राफ्ट सोडवतात आणि थंड द्रावणात ठेवतात. केस शरीराबाहेर जितका जास्त वेळ राहील तितका कोमेजतो. मधे जेवणाची सुट्टी. मग उताणं झोपवून पेरणी. प्रत्येक केसाचा कोन जमवावा लागतो, नाहीतर सगळं पीक आकाशाकडे बघत उभं राहतं. खोलीतल्या मुली मोठ्याने आकडे मोजत होत्या आणि मधेमधे मालिकेत काल काय झालं ते एकमेकींना सांगत होत्या. त्यामुळे 'बाराशे चाळीस' नंतर 'सासूने दागिने लपवले' आणि मग पुन्हा 'बाराशे चाळीस' आलं, अशी साडूंची तक्रार आहे. डॉक्टर सकाळी येऊन गुड मॉर्निंग म्हणून गेले होते, ते संध्याकाळी बिलाजवळ दिसले.

घरी आल्यावरचे नियम म्हणजे आचारसंहिताच. उताणं झोपायचं, दोन-तीन उशा रचून डोकं उंच ठेवायचं, कूस बदलायची नाही. खारं पाणी दर काही तासांनी फवारायचं. वाकायचं नाही, जिम नाही, हेल्मेट नाही, ऊन नाही. डोक्याला कशाचाही धक्का लागू द्यायचा नाही. भर्तृहरीच्या नीतिशतकात उन्हाने पोळलेला एक टकल्या सावलीसाठी झाडाखाली जातो आणि नेमकं वरून फळ पडून त्याचं डोकं फुटतं. साडूंनी सावली सोडा, बाल्कनीतल्या कुंडीखालून जाणंही बंद केलं. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज उतरत उतरत पापण्यांवर आली आणि डोळे मिटले. अशी सूज येते आणि दोन-चार दिवसांत जाते. पण मेहुणी घाबरली. सोसायटीच्या एका तातडीच्या कागदावर सहीसाठी माणूस आला होता, त्याला काही फरक जाणवला नाही. साडू एरवीही डोळे मिटूनच सही करतात.

सासूबाई माक्याच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. तेल लावायचं नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तेल नको म्हणणारा कसला मेला केसांचा डॉक्टर?" आणि जाताना बाटली उशाशी ठेवून गेल्या.

ऑफिसात साडूंनी तिरुपतीला जातो असं सांगून रजा टाकली होती. योजना तशी बिनतोड. डोकं भादरलेलं दिसणारच, त्याला देवाचं कारण. आठवड्याने खपल्या पडत आल्यावर ते हजर झाले तेव्हा दारातच शिपाई म्हणाला, "साहेब, लाडू?" हेडक्लार्क दरवर्षी तिरुमलाला जाणारे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून साडूंच्या पुढच्या भागावरचे लालसर ठिपके न्याहाळले आणि शांतपणे विचारलं, "हल्ली तिकडे वस्तऱ्याऐवजी टाचणी वापरतात का हो?" दुपारी साडूंनी नाक्यावरच्या मिठाईवाल्याकडून बुंदीचे लाडू मागवून वाटले. तिरुपतीच्या लाडवाला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, तो ज्याने एकदा खाल्लाय त्याला नाक्यावरचा लाडू त्याच्या नावाने खपवता येत नाही. संध्याकाळपर्यंत पाचही मजल्यांना कळलं. तिरुमलाला भाविक केस देवाला वाहतात आणि देवस्थान त्यांचा लिलाव करतं, म्हणजे तिथे केस गेला तरी कुणाच्या तरी खात्यात जमा होतो. साडूंच्या खात्यातून फक्त हप्ता वजा होत होता.

आणि मग तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळायला लागले.

ही गोष्ट काउन्सेलर मॅडमनी सांगितली नव्हती असं साडू म्हणतात. सांगितली असावी, पण त्या वेळी ते आरशात असावेत. रात्री अकराला मला फोन. "साडूभाऊ, उशीवर पीक आलंय." मी म्हटलं, मार्चअखेर निधी व्यपगत होतो तसं समजा, पुढच्या वर्षी पुन्हा तरतूद येते. खरोखर तसंच आहे. केस पडतो, मूळ आत राहतं. दोन ते सहा आठवड्यांत बहुतेकांची ही गळती होते, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बारीक लव येऊ लागते आणि खरं रूप दिसायला वर्ष जातं. मागचा भोवरा तर त्याहूनही सवडीने भरतो. मधल्या काळात माणूस आधीपेक्षा टकला दिसतो, पैसे गेलेले असतात, आणि भेटणारा प्रत्येक जण "कधी करणार आहात?" असं विचारतो.

शिवाय औषधं आहेतच. जुने केस टिकवायला ती लागतात, आणि थांबवली की गळती परत सुरू. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर भलत्या ठिकाणी केस येऊ लागले म्हणून तिचं डोक्याला लावायचं औषध झालं. फिनास्टेराइड डीएचटी कमी करतं. त्याच्या चिठ्ठीवर काही पुरुषांना कामेच्छा कमी झाल्याचं जाणवतं असं लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी साडूंनी तीनदा वाचली आणि घडी घालून पाकिटात ठेवली. हॅमिल्टनसाहेबांचा उपाय हप्त्याहप्त्याने घरात आल्यासारखं वाटलं असणार.

साडूंचं डोकं अखेर बरं झालं. अगदी जाहिरातीतलं नाही, पण ड्रोनला दोनदा बघावं लागेल इतपत. आता मेहुणी त्यांना शॅम्पूवरून बोलते, टकलावरून नाही. पण हे नशिबाने झालं असं माझं मत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लेखी बजावावं लागलं की यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत बघून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही, त्यासाठी रीतसर शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण लागतं. ज्या देशात हे कागदावर सांगावं लागतं, तिथे काय चाललं असेल ते ओळखा. ॲलर्जी, भूल अंगावर येणं, जंतुसंसर्ग यांनी या निरुपद्रवी वाटणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर मुंबईसह अनेक शहरांत माणसं दगावली आहेत. दहा हजारांच्या अंगठीचा हॉलमार्क भिंगातून बघणारा आपला माणूस टाळूत हजारो भोकं पाडणाऱ्याची पदवी मात्र भिंतीवरच्या चौकटीच्या सोनेरी रंगावरून ठरवतो.

सरकारचं याबाबत एक धोरण अगदी स्पष्ट आहे. आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे आणि ही माफी देणाऱ्या २०१७ च्या अधिसूचनेतच हेअर ट्रान्सप्लांट नाव घेऊन वगळलेलं आहे. जन्मजात दोष किंवा अपघातातली इजा असेल तर सूट, नुसती हौस असेल तर १८ टक्के. तेव्हा 'बिल नको असेल तर कमी करून देतो' असं कुणी म्हणालं तर उठा. पक्कं बिल मागा. त्यावर, पंच आणि सुई खरोखर ज्याच्या हातात असणार आहे त्या डॉक्टरचं नाव आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या, आणि क्रमांक खरा आहे का ते घरी बसून तपासा. टाळाटाळ झाली तर कपाळावरची रेघ घेऊन परत या. ती दोन अंघोळींत निघते.